केबल आणि बोर्ड यांमधील जोड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या जोडणीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले आहे त्या घरी बिघडलेली प्रत्येक वस्तू 'शिकलेल्या' मुलापुढे येते. तो अर्थशास्त्र शिकतो की भौतिकशास्त्र, याची चौकशी कोणी करीत नाही. मोबाइल, फवारणीचा बॅटरीपंप, डुकरांपासून धान राखणारे झटका मशीन, रेडिओ, सारे काही समोर येऊन पडते. ही यंत्रे उघडून पाहिली असता एक गोष्ट वारंवार ध्यानात येते, ती अशी की बिघाड मुख्य भागात क्वचितच असतो. तो बहुधा जोडावर असतो. दुकानदार ज्याला 'लूज कॉन्टॅक्ट' म्हणून मोकळा होतो, तो हा जोड. हा जोड साधा कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यंत्राच्या आत एक हिरवी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा छापलेल्या असतात. मराठी ग्रंथांत तिला मुद्रित मंडल म्हणतात, दुकानात पीसीबी किंवा नुसते बोर्ड. या बोर्डापासून पडद्याकडे, बटणांकडे किंवा बॅटरीकडे एक पातळ, वाकणारी पट्टी जाते. मोबाइलवाले तिला 'स्ट्रिप' किंवा 'फ्लेक्स' म्हणतात. तिच्यात प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये तांब्याचे पातळ पट्टे बसविलेले असतात. हे तांबे बहुधा १८ किंवा ३५ मायक्रॉन जाडीचे असते. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. ही पट्टी बोर्डाला जोडणारा जो चिमुकला भाग, तो कनेक्टर.

कनेक्टर म्हणजे प्लॅस्टिकचा डबा, अशी आपली समजूत असते. ती बाजूला ठेवली पाहिजे. कनेक्टर म्हणजे मूलतः दोन धातूंमध्ये धरून ठेवलेला दाब होय. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या वावरासारखा उंचसखल असतो. नांगरलेल्या एका वावरावर दुसरे वावर उलटे ठेवले तर फक्त ढेकळांची टोके टोकांना लागतील. धातूंचेही तसेच होते. वीज जाते ती त्या मोजक्या टोकांमधून. दाब वाढवला की टोके चेपतात, स्पर्श वाढतो आणि विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, कमी होतो. दाब सैल झाला की टोके सुटतात, त्यांच्यावर हवेतील ऑक्सिजनचा आणि ओलाव्याचा थर चढतो, आणि यंत्र अडखळू लागते.

जुन्या टॉर्चचे उदाहरण घ्या. तिच्यात सेलला कोणी तार डकवीत नाही. मागच्या झाकणातील स्प्रिंग सेल पुढे रेटते आणि सेलचे टोक बल्बला टेकते, एवढाच काय तो कनेक्टर. (या सेलच्या पोटात जे काळे मँगनीज डायऑक्साइड असते, त्याचे खनिज आपल्याच तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मॉइलच्या खाणीतून बॅटरी उद्योगाला जाते. टॉर्च आपल्याला तशी परकी नाही.) टॉर्च लागली नाही की आपण ती तळहातावर आपटतो आणि ती लागते. आपटल्याने सेल किंचित सरकतो, टोकावरचा थर खरवडला जातो, आणि उघडा धातू उघड्या धातूला भेटतो. चांगला कनेक्टर जोडताना नेमकी हीच खरवड होते. पिन आत सरकते तेव्हा ती स्वतःचे आणि समोरच्याचे अंग पुसत जाते.

धातूही विचारपूर्वक निवडावा लागतो. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते वीज चांगली वाहते, पण बराच काळ ताणून धरले आणि त्यात उष्णता लागली की त्याचा ताण उतरतो. घरातील जुने सॉकेट सैल होते ते यामुळेच. तांब्यात जस्ताऐवजी कथील आणि किंचित फॉस्फरस घातला की फॉस्फर ब्राँझ होते, आणि ते आपला ताण पुष्कळ दिवस राखते. म्हणून बारीक कनेक्टरांच्या पात्या बहुधा फॉस्फर ब्राँझच्या असतात आणि त्यांच्यावर कथलाचा किंवा सोन्याचा मुलामा असतो.

आता पट्टीच्या कनेक्टरकडे येऊ. सर्वांत प्रचलित प्रकारात बोर्डावर एक लांबट प्लॅस्टिकची खोबण डकवलेली असते. तिच्यावरचे इवलेसे झाकण उचलायचे, पट्टी अलगद आत सारायची आणि झाकण पाडायचे. झाकण पडताच आतील पात्या पट्टीवर दाबल्या जातात. दोन वाटांमधले अंतर बहुधा अर्धा किंवा एक मिलिमीटर असते. पट्टी सारताना जोर लागत नाही, हा या रचनेचा गुण. पण जोर नाही म्हणजे खरवडही जवळजवळ नाही, आणि त्यामुळे थर पुसला जात नाही. चांगल्या प्रतीच्या जोडात सोन्याचा मुलामा हवा होतो तो यासाठी, कारण सोन्यावर थर चढत नाही. शिवाय ते झाकण नखाएवढेही नसते. असे कनेक्टर साधारणपणे वीस-तीस वेळा उघडझाप होईल या हिशेबानेच केलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीत झाकण मोडते. मग आमच्याकडचा कारागीर काय करतो? तो पट्टी जागेवर बसवतो, वर स्पंजचा तुकडा ठेवतो आणि मोबाइलचे मागचे कव्हर लावून टाकतो. कव्हर स्पंजला दाबते आणि स्पंज पट्टीला. मोबाइल चालतो! कनेक्टरचा मोठा भाग मोडला तरी दाब शिल्लक राहिला, म्हणून जोड टिकला. या जुगाडाला हसण्यापूर्वी हे पाहावे की अनेक महागड्या मोबाइलांतही टिचबटणासारख्या बसणाऱ्या कनेक्टरांवर स्क्रूने आवळलेली धातूची पट्टी असते. तिचेही काम तेच.

जोड साधा करण्याचे प्रयत्न अनेक झाले आहेत. महाविद्यालयातील जुन्या संगणकांत हार्डडिस्कला जाणारी ४० तारांची चपटी केबल प्राध्यापकांनी पाहिली असेल. तिची एक कड लाल असते, ती पहिल्या तारेची खूण. या केबलची तार सोलावी लागत नाही. कनेक्टरचे दुबेळके दात प्लॅस्टिक चिरून तांब्याला धरतात आणि एका दाबात चाळीसही जोड होतात. टेलिफोन खात्यातील लाइनमन ज्याला 'क्रोन' म्हणतात त्या पट्टीचे तत्त्वही हेच. कीपॅडच्या स्वस्त मोबाइलांत तर कनेक्टरच नाहीसा केला आणि पडद्याची पट्टी सरळ बोर्डावर सोल्डर केली. कारखान्याच्या दृष्टीने याहून साधे काही नाही. पण पडदा बदलताना सोल्डरिंग गन जरा जास्त टेकली की बोर्डावरचे तांबे उखडते, कारागीर 'प्रिंट निघाली' म्हणतो आणि केसासारख्या तारेचा जंपर मारत बसतो. ज्या साधेपणाने कारखान्याचे दोन रुपये वाचतात आणि गिऱ्हाइकाचे दोनशे जातात, त्याला साधेपणा म्हणावयास मी तयार नाही.

मला सर्वांत आवडलेली युक्ती कॅल्क्युलेटरमध्ये आणि वायरमनच्या पिवळ्या मल्टिमीटरमध्ये सापडते. तेथे काचेचा पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची एक कांडी नुसती ठेवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे काळे आणि न वाहणारे फिके थर एकाआड एक असतात, म्हणून तिला झेब्रा म्हणतात. थर इतके पातळ असतात की प्रत्येक वाटेखाली एकदोन काळे थर येतातच. कांडी नेमकी कोठे ठेवली याला महत्त्व राहत नाही. वरून स्क्रू आवळले की काम झाले. कॅल्क्युलेटरचा आकडा अर्धवट दिसू लागला की कोपरा दाबून पाहावा, तो पुन्हा उमटतो. मात्र या रबरातील कार्बनचा रोध फार असल्याने जेथे अगदी थोडी वीज लागते तेथेच ते चालते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर धान खरेदी केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा हे आहे. त्याच्या पाटाखाली लोड सेल असतो. त्यातून बहुधा चार तारा बोर्डाकडे येतात. दोन वीज नेतात, दोन वजनाची खबर आणतात. ही खबर अतिशय क्षीण असते. १०० किलोच्या सेलला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला साधारण १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १० ग्रॅमला एक व्होल्टचा दशलक्षावा भाग. सेलचा स्वतःचा रोध सुमारे ३५० ओहम असतो. आता वीज नेणाऱ्या तारेच्या जोडावर गंज चढून तेथे ०.३५ ओहमची भर पडली असे समजू. सेलला मिळणारी वीज हजारात एक भागाने घटते आणि वजनही तेवढेच कमी दिसते. ४० किलोच्या कट्ट्यामागे ४० ग्रॅम, ५० क्विंटल धानामागे ५ किलो. यातली मेख अशी की रिकामा काटा शून्य अगदी बरोबर दाखवतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. यावर उपाय म्हणून सहा तारांची पद्धत आहे. तिच्यात जास्तीच्या दोन तारा सेलपाशी पोचलेली वीज मोजून बोर्डाला कळवतात.

बोर्डापासून आकड्यांच्या पडद्याकडे जाणारी चपटी पट्टी वेगळाच घोळ घालू शकते. लाल आकडा सात रेघांचा असतो. मधल्या रेघेची वाट सुटली की ८ चा ० दिसतो, ३८ चे ३०. काटा सुरू करताच सारे आकडे एकदा झळकतात, ते शोभेसाठी नसून सर्व रेघा उमटतात की नाही हे पाहता यावे म्हणून. तेवढे दोन सेकंद शेतकऱ्याने पडद्याकडे पाहावे. आमच्या भागातील एका केंद्रावर काटा अडला की हमाल त्याच्या डोक्यावर थाप मारतो आणि आकडे परत येतात. टॉर्चची विद्या तेथेही चालते. पण थापेनंतर आलेला आकडा खरा की खोटा, हे थाप सांगत नाही.

मग अशा यंत्रासाठी साधा जोड कसा असावा? गोल तारेचा प्रश्न जुन्या लोकांनी स्क्रूच्या टर्मिनलने केव्हाच सोडवला आहे; तार घालायची, स्क्रू आवळायचा. चपट्या पट्टीलाही तेच लागू करून पाहावे, असे माझे म्हणणे आहे. बोर्डाच्या कडेला मुलामा दिलेले तांब्याचे पट्टे उघडे ठेवावेत. पट्टीच्या टोकालाही तसेच पट्टे उघडे असावेत. ती बोर्डावर पालथी घालून तिच्यावर रबराची कांडी, कांडीवर धातूची आडवी दांडी आणि दोन्ही टोकांना दोन स्क्रू. वेगळा कनेक्टर विकत आणून डकवण्याची गरजच उरत नाही. दोन स्क्रूंची भोके वेगवेगळ्या मापाची ठेवली, आणि एकाचा स्क्रू दुसऱ्यात बसत नसला, की पट्टी उलटी लागण्याची भीती नाही. तुटण्यासारखे झाकण नाही, उघडायला पेचकस पुरे.

याच्या मर्यादा हिशेबानेच ठरतात. कथलाचा मुलामा असेल तर प्रत्येक वाटेवर निदान १०० ग्रॅम दाब असावा, असा अभियंत्यांचा जुना नियम आहे. दहा वाटा असल्या तर एक किलो. दोन बारीक स्क्रू तो सहज पेलतात. चाळीस वाटा झाल्या की चार किलो होतात. लांब दांडी मध्ये कमान धरते आणि मधल्या वाटा सुटतात. सुतार दोन टोकांना शिकंजा लावून लांब फळी चिकटवतो तेव्हा दाबायची रीप मध्ये थोडी फुगीर ठेवतो, तशी दांडी फुगीर ठेवली तर काही अंशी भागेल. पण हा जोड मुळात आठ-दहा वाटांचाच. अंतराचेही तसेच. बोर्डाच्या भोकात एखाद्या दशांश मिलिमीटरची चूक होतेच आणि स्क्रूला थोडी मोकळीकही लागते. वाटांमधले अंतर एक मिलिमीटर किंवा जास्त असेल तर हे खपते, अर्ध्या मिलिमीटरला शेजारची वाट गाठली जाईल. म्हणजे मोबाइलला हा जोड निरुपयोगी. काटा, बॅटरीपंप, झटका मशीन यांना मात्र जागेची टंचाई नसते.

असा जोड करून पाहण्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि पुढे २००२ मध्ये तेथे अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅब सुरू झाली. अशा कार्यशाळेत यंत्राने बोर्ड कोरता येतो आणि तांब्याची चिकटपट्टी कापून वाकणारी केबलही करता येते. पाबळ हे खेडे आहे, हे मुद्दाम सांगतो.

काट्याच्या बाबतीत एक अडचण तंत्राची नसून कायद्याची आहे. वैधमापनशास्त्र विभाग काट्याची पडताळणी करून त्यावर मुद्रा लावतो, आणि दुरुस्ती परवानाधारक माणसानेच करावयाची असते. हे योग्यच आहे, नाहीतर पेचकस घेतलेला प्रत्येक जण काटा आपल्या बाजूला झुकवील. तेव्हा स्क्रूचा जोड मुद्रेच्या आतच राहील आणि त्याचा लाभ परवानाधारक कारागिराला होईल. त्याला बोर्ड टाकून न देता दहा मिनिटांत पट्टी बदलता येईल.

रबराचा प्रश्न उरतो. सतत दाबलेले रबर हळूहळू बसते, जसे बाजेचे सुंभ ढिले पडते. म्हणून साध्या रबराऐवजी सिलिकॉन रबर घ्यावे आणि ते जाडीच्या दहा ते वीस टक्क्यांपेक्षा जास्त दाबू नये. दांडी आणि बोर्ड यांच्यामध्ये ठरावीक उंचीचे दोन टेकू दिले की कारागिराने कितीही आवळले तरी रबर मर्यादेपलीकडे चेपत नाही. ट्रॅक्टरमधून काटा या केंद्रावरून त्या केंद्रावर नेताना हादऱ्याने स्क्रू सुटू नयेत यासाठी खाली स्प्रिंग वॉशर घालावा आणि डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा. रेडिओ दुरुस्त करणारे हे पूर्वीपासून करीत आले आहेत. पॉलिशला तडा दिसला की स्क्रू हलला, हे न उघडता कळते.