टोप्या घालून प्रॅक्टिकल

बी.एस्सी.ला कधी काळी ऊर्ध्वपातन केलेल्यांना लीबिग कंडेन्सर आठवत असेलच. गंमत अशी, की तो लीबिगचा नव्हेच! तशी उपकरणं त्याच्या जन्माआधीपासून होती. त्यानं ती लोकप्रिय केली, आणि नाव त्याचंच चिकटलं.

युस्टुस लीबिग १८२४ साली जर्मनीतल्या गीसन विद्यापीठात प्राध्यापक झाला, तेव्हा त्याचं वय होतं २१. (त्या वयात आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत नाव शोधणं चालू असतं.) लॅब मिळाली ती लष्करी बराकीच्या जुन्या पहारेघरात. धूर बाहेर जायची धड सोय नव्हती, म्हणून भट्ट्या बाहेर, खांबांच्या उघड्या पडवीत! पण विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं प्रयोग करत संशोधन शिकायचं, ही रीत मोठ्या प्रमाणावर रुजली ती इथे. १८४० च्या सुमाराच्या एका चित्रात ही मंडळी ऐटीत दिसतात : अंगात लांब कोट, डोक्यावर टोप्या. गॉगलचा पत्ता नाही.

लॅबचा लाडका नग म्हणजे १८३१ मधलं ‘कालीॲपरॅट’. काचनळीचा त्रिकोण, त्यावर फुगवलेले पाच गोळे, आत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातून बुडबुडत न्यायचा. आधी वजन, नंतर वजन. फरकावरून कार्बन किती ते हजर! हा त्रिकोण आजही अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात विराजमान आहे.

वास्तुशास्त्राशी मात्र या लॅबचं जणू वैर होतं. केकुले गीसनला आला आर्किटेक्ट व्हायला. लीबिगची व्याख्यानं ऐकली आणि रसायनाकडे वळला. पुढे बेंझिनचं वलय मांडलं ते यानंच. दुसरा हॉफमन. त्याचे वडील आर्किटेक्ट. लॅबचं वाढीव बांधकाम त्यांच्याकडे होतं, आणि कायदा शिकणारा मुलगा लॅबचाच होऊन गेला! पुढे लंडनमध्ये या हॉफमनच्याच हाताखाली शिकणाऱ्या १८ वर्षांच्या पर्किननं १८५६ साली क्विनिन करायला घेतलं, हाती आला जांभळा रंग.

लीबिग पुढे म्युनिकला गेला. १८५३ मध्ये राजघराण्यासमोर त्यानं ‘भुंकणारा कुत्रा’ हा प्रयोग केला. कार्बन डायसल्फाइडची वाफ आणि नायट्रोजनचं ऑक्साइड पेटवलं की निळा लखलखाट होतो आणि नळी चक्क भुंकते. मंडळी खूश. पुन्हा करून दाखवला, आणि भांडं फुटलं! काचा उडाल्या, राणी टेरेसा जखमी. वन्स मोअर जरा महागात पडला.