रात्री किती वेळा उठावे लागते?



या अंकात मी अशा विषयावर लिहीत आहे, जो मंडळीत सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. विषय लघवीचा आहे. संकोच वाटला तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती. याच संकोचापायी आमच्या एका बहिणीचे दोन वर्षे हाल झाले आणि त्यात माझीही चूक होती.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूच्या एका वस्तीवर ती राहते. वय तिशीतले. आधी एका डोळ्याला अंधुक दिसू लागले, ते बरे झाले. वर्षभराने पाय जड झाले. मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव कळले. मी दर महिन्याला तिच्या घरी जात होते. पाय कसे, डोळे कसे, गोळ्या चालू आहेत का, हे सगळे माझ्या वहीत लिहिलेले आहे. लघवीचा रकाना वहीत नव्हता.

एके दिवशी तिने कापूस वेचायला जाणेच बंद केल्याचे कळले. कारण विचारले तर गप्प. सासूबाई बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, “ताई, रात्री पाच-सहा डाव उठा लागते. कधी जाऊस्तोवर होऊन जाते. हे काय सांगाची गोष्ट हाय काय?” त्यावर तिने स्वतःच एक उपाय शोधला होता. ती दिवसभर जेमतेम तांब्याभर पाणी पीत होती.

असे का होते?

शेतातल्या मोटारीच्या वायरीचे वेष्टन उंदरांनी कुरतडले, तर मोटार कधी मध्येच बंद पडते, कधी नको तेव्हा सुरू होते. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांवरचे मायलिन नावाचे वेष्टन खराब करते. १८६८ मध्ये पॅरिसचे डॉ. शार्को यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. युरोपच्या मानाने आपल्याकडे तो कमी आहे, म्हणूनच ओळखायला उशीर होतो.

मूत्राशय ही लघवीची पिशवी. तिच्या तोंडाशी स्नायूंची झडप असते. पिशवी भरत असताना मेंदू तिला थांबवून धरतो. आपण जागेवर बसल्यावर पिशवी आवळते आणि झडप उघडते. हे सारे निरोप मज्जारज्जूतून जातात. तिथली वायर बिघडली की तीन प्रकार होतात. पिशवी थोडी भरताच आवळते, त्यामुळे घाई होते आणि गळती होते. किंवा पिशवी नीट आवळतच नाही आणि लघवी मागे राहते. किंवा पिशवी आवळते त्याच वेळी झडपही बंद होते. एमएसच्या बहुसंख्य रुग्णांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर यातला त्रास होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. वारंवार लघवीला जावे लागणे हे लक्षण दोन्हीकडे सारखेच दिसते. पिशवी लवकर आवळली तरी जावे लागते आणि ती अर्धी भरलेलीच राहिली तरी जावे लागते. उपचार मात्र वेगळे आहेत. घाई कमी करणारी गोळी मागे लघवी राहणाऱ्याला दिली, तर आणखी लघवी साचू शकते. म्हणून आधी मोजायचे, मग औषध.

ओळखायचे कसे?

पहिली पायरी विचारण्याची. दिवसात किती वेळा जाता? रात्री किती वेळा उठता? लागल्यावर थोडा वेळ थांबता येते का? कपडे ओले होतात का? धार सुरू व्हायला वेळ लागतो का? झाल्यावरही पोटात राहिल्यासारखे वाटते का? जळजळ होते का? शौचाला साफ होते का? बद्धकोष्ठानेही मूत्राशयावर दाब येतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न. दिवसात आठापेक्षा जास्त वेळा किंवा रात्री एकापेक्षा जास्त वेळा जावे लागत असेल, तर पुढे तपासावे.

दुसरी पायरी तीन दिवसांच्या नोंदीची. किती प्यायलो, किती वेळा गेलो, किती झाली, कधी गळाली. आमच्या बहिणीला लिहिता येत नाही. तिने चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्या. गेली की उभी रेघ, गळाली की फुली. मोजायला मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग दिला. तिसऱ्या दिवशी भिंतच सगळे सांगत होती.

तिसरी पायरी लघवीची तपासणी. संसर्ग आहे का, हे आधी पाहतात. एमएसमध्ये लघवीच्या संसर्गाने पाय अचानक जड होऊ शकतात आणि घरच्यांना वाटते की मूळ आजारच वाढला. संसर्ग बरा झाला की बहुधा पाय पूर्ववत होतात. म्हणून एकाएकी तब्येत बिघडली, तर लघवी तपासायला विसरू नये.

चौथी पायरी सोनोग्राफीची. लघवी करून आल्यावर लगेच पिशवीत किती उरली, ते पाहतात. साधारण ५० मिलिलिटरच्या आत असेल तर काळजी नसते. १०० च्या वर असेल तर डॉक्टर पुढचा विचार करतात. आमच्या बहिणीची दोनशेच्या वर निघाली. पाणी कमी पिण्याने त्रास थांबला नव्हता, उलट संसर्ग झाला होता.

काही रुग्णांना पिशवीतला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी लागते. ती मोठ्या शहरात होते आणि प्रत्येकाला लागत नाही.

प्रत्येक वेळी एमएसच कारण असेल असेही नाही. मधुमेह, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, बाळंतपणानंतर सैल झालेले स्नायू, ही कारणे असतात. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलही आढळतो. त्यात मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून ती जास्त होते. आणि हेच प्रश्न मणक्याचा क्षय झालेल्या किंवा झाडावरून पडून मणका दुखावलेल्या माणसालाही विचारायला हवेत.

आपल्या जिल्ह्यात याची निकड अधिक आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात, मूत्रपिंडाच्या आजाराने किती घरे खचली, हे आपण जाणतो. साचलेली लघवी आणि पुन्हापुन्हा होणारा संसर्ग यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाची क्रिॲटिनिनची रक्ततपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला कळ, लघवीतून रक्त, किंवा ओटीपोट फुगून लघवी अडकणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमच्या बहिणीला दिवसातून चार वेळा पातळ नळीने स्वतः लघवी काढायला परिचारिकेने शिकवले. ही पद्धत १९७२ पासून जगभर रूढ आहे. पहिल्या दिवशी ती रडली. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, “ताई, काल रात्रभर झोपली मी.” आता ती पुरेसे पाणी पिते. कापूस वेचायला अजून जात नाही, पण रविवारी उपासनेला येऊन शेवटपर्यंत बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाही रुग्णांना मार्गदर्शन करते.

आपल्या देणग्यांतून गाडीभाडे, नळ्या, मापाचे मग येतात, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र सर्वांत मोठी मदत विनामूल्य आहे. मार्काच्या शुभवर्तमानातली बारा वर्षे आजारी असलेली स्त्री गर्दीत मागून, लपून आली. प्रभूने थांबून विचारले, तेव्हा ती सगळे बोलली. आपणही विचारू या. भेटीला जाल तेव्हा प्रार्थनेआधी घरच्यांना थोडे बाजूला बसवा आणि हळूच विचारा, रात्री किती वेळा उठावे लागते? माझ्या वहीत आता तो रकाना पहिला आहे.

प्रभूच्या सेवेतील आपली बहीण