घोडेस्वाराला थंडी जास्त का वाजते?

मंगोलियात जानेवारीत तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. अशा थंडीत एक गुराखी पायी आणि दुसरा घोड्यावरून निघाला, तर अधिक कुडकुडेल कोण? घोडेस्वार! कष्ट घोड्याचे, त्यामुळे स्वाराच्या स्नायूंत उष्णता कमी निर्माण होते. शिवाय घोडा ताशी १५ किलोमीटर वेगाने दुडकत असेल, तर वारा पडलेला असूनही स्वाराला तेवढ्याच वेगाचा वारा झोंबतो. त्वचेलगतचा उबदार हवेचा थर त्याने सतत उडून जातो.

आता तेथील ‘देल’ हा लांब अंगरखा पाहा. हिवाळी देलला आतून लोकरीसह मेंढीचे कातडे लावतात. कपडा स्वतः उष्णता देत नाही, हे तुम्ही जाणताच. लोकरीत अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकीच असते. मात्र ही हवा हलता कामा नये. म्हणून तर कमरेला काही मीटर लांबीचा शेला घट्ट गुंडाळतात. तो नसता, तर अंगालगतची ऊन हवा हलकी होऊन गळ्यावाटे निसटली असती आणि खालून गार हवा आत शिरली असती.

खरी कसोटी पायांची. रिकिबीत ते जवळजवळ स्थिर असतात. तंग बुटात जाड मोजे कोंबले, तर त्यांतील हवा दबते आणि रक्तप्रवाहही मंदावतो. बोटे बधिर होतात, हिमदंशही होऊ शकतो. मंगोल बूट म्हणूनच ऐसपैस असतात, आणि आत नमद्याचे मोजे!