‘तण’ आणि ‘पडीक’ : परिस्थितिकीच्या परिभाषेतील एक अडचण

परिभाषेसाठी नवा शब्द घडविणे तितकेसे कठीण नसते. रूढ शब्दातील जुना ग्रह काढून टाकणे कठीण. अर्न्स्ट हेकेल ह्याने १८६६ मध्ये ग्रीक ‘ओइकोस’ (घर) ह्या शब्दावरून ज्या शास्त्राचे नाव घडविले, त्यास मराठीत ‘परिस्थितिकी’ म्हणतात. सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून होते ती ‘परिसंस्था’. हे शब्द स्थिरावले आहेत.

परंतु वाशीम जिल्ह्यातील माळरान घ्या. नांगराखाली नसलेली जमीन व्यवहारात ‘पडीक’ ठरते. पडीक म्हटले की ती नांगरावी, निदान तीवर झाडे तरी लावावीत, असे सुचते. आणि दोहोंनीही गवताळ परिसंस्था नष्ट होते.

‘तण’ ह्या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. संस्कृत ‘तृण’, प्राकृत ‘तण’. मूळ अर्थ केवळ गवत. शेतीच्या भाषेत तो पिकाच्या वैऱ्यापुरता आकुंचित झाला व ‘तणनाशक’ हा समास निघाला. जुना अर्थ टिकला तो ‘तणमोर’ ह्या पक्षिनामात. अकोला-वाशीम भागातील गवताळ रानांत ह्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या घेऊन मादीस आकर्षितो. २०२१ पासून ह्या पक्ष्याची गणना जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्तांत होते.

काळविटांसाठी राखलेल्या कारंजा-सोहोळच्या माळासही ‘अभयारण्य’ म्हणतात, ह्याचे काहींना नवल वाटते. वस्तुतः ‘अरण्य’ म्हणजे मुळात वस्तीबाहेरची न नांगरलेली भूमी. तेथे झाडी असलीच पाहिजे असे नाही. ‘पडीक’ ऐवजी मात्र ‘कुरण’ लिहावे. गवतासाठी राखलेली जमीन, हा अर्थ त्यात पूर्वीपासूनच आहे.