मंत्र्यांचा दौरा आणि इंजिनांची रांग

लेखमाला : विमान कसे घडते – लेखांक ९

तेजसचा सांगाडा, पंख आणि शेपटी देशात कुठे आणि कशी तयार होते, ते आपण मागच्या लेखांकात पाहिले. आता इंजिनाकडे वळू. तेजस मार्क-१ए या विमानात बसते ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे एफ-४०४ इंजिन. फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा ८३ विमानांचा करार झाला. त्याच वर्षी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ९९ इंजिनांची मागणी नोंदवली. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाला मिळायचे होते. ती मुदत उलटली, तरी नव्या मागणीतले एकही इंजिन भारतात पोहोचले नव्हते.

याच पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह अमेरिकेला गेले. पेंटागॉनमध्ये अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांची भेट, तिथल्या संरक्षण उद्योगांच्या प्रमुखांबरोबर बैठक, असा कार्यक्रम होता. बातम्यांमध्ये हस्तांदोलनाची छायाचित्रे झळकली. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा होता तो याच दौऱ्यात सही झालेला पुरवठा-सुरक्षेचा समझोता, म्हणजे ‘सोसा’.

या समझोत्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत संरक्षणाच्या मागण्यांना अग्रक्रम देण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. सरकारने एखाद्या मागणीवर अग्रक्रमाचा शिक्का मारला, की कारखान्याला ती इतर मागण्यांच्या आधी पुरी करावी लागते. ‘सोसा’मुळे भारताला आपल्या मागणीसाठी असा अग्रक्रम मागता येतो. त्या बदल्यात अमेरिकेला गरज पडेल तेव्हा भारतीय कंपन्यांनी स्वेच्छेने तसेच सहकार्य करावे, अशी अपेक्षा असते. समझोता बंधनकारक नाही. दोन्ही बाजूंच्या विश्वासावर तो चालतो. असा विश्वास उभा करणे हे मंत्र्यांचेच काम. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला ते अधिकार नसतात.

पण अग्रक्रमाने रांगेतला नंबर पुढे सरकतो, माल तयार व्हायला लागणारा वेळ कमी होत नाही. आपली इंजिने अडली होती ती मुळात याच कारणाने. तेजसच्या आधीच्या गरजेसाठी मागवलेली ६५ इंजिने कंपनीने २०१६ पर्यंत दिली. पुढची मागणी समोर नव्हती, म्हणून या प्रकारच्या इंजिनाचे उत्पादन थांबले. पाच वर्षांनी ९९ इंजिनांची मागणी गेली, तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी नव्याने जुळवावी लागली, तीही कोरोनाकाळात. टर्बाइनचे एकेक पाते ज्या वायूत फिरते, तो पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त असतो. अशी पाती घडवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. कोणत्याही मंत्र्याच्या शब्दाखातर ते एका रात्रीत उभे राहत नाहीत.

नव्या मागणीतले पहिले इंजिन अखेर मार्च २०२५ मध्ये कंपनीने सुपूर्द केले. त्याचे सगळे श्रेय दौऱ्याला देणे जितके चूक, तितकेच दौऱ्याला निव्वळ देखावा म्हणणेही चूक आहे. सरकारी परवाने, अग्रक्रम, तंत्रज्ञान देण्याची संमती हे अडसर सरकारच दूर करू शकते. कारखान्याची भट्टी पेटती ठेवते ती मात्र सलग मागणी, आणि ती दिल्लीत बसूनच नोंदवावी लागते.

सुदैवाने ते आता घडते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचा करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी ११३ इंजिनांचा. त्यांचा पुरवठा २०२७ ते २०३२ या काळात व्हायचा आहे. या वेळी मधल्या काळात उत्पादन थांबू दिले नाही, हे या निर्णयाचे खरे मोल.

महाराष्ट्राचा यात थेट हितसंबंध आहे. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याने मिग आणि सुखोई घडवली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. वर्षाला ८ विमाने, ही या नव्या जोडणी साखळीची क्षमता. इंजिन वेळेवर आले नाही, तर तयार सांगाडे तिथे उभे राहतील आणि त्याची झळ सुटे भाग करणाऱ्या लहान उद्योजकापर्यंत पोहोचेल.

म्हणून यापुढे मंत्र्यांच्या परदेश दौऱ्याची बातमी वाचताना तीन गोष्टी जरूर शोधाव्यात. कोणता सरकारी अडथळा दूर झाला? पुरवठ्याची तारीख लेखी ठरली का? आणि मायदेशी परतल्यावर सलग मागणी नोंदवली गेली का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांचा लाभ फार काळ टिकत नाही.

परावलंबन संपवायचे तर इंजिन आपलेच हवे. त्यासाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘कावेरी’ प्रकल्पाने काय शिकवले आणि फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नव्या इंजिनाची आखणी का होते आहे, ते पुढच्या लेखांकात पाहू.