शनिवारच्या सकाळचा कारभार

अमेरिकेतील दूरचित्रवाणी कंपन्यांच्या दफ्तरी शनिवारची सकाळ ही प्रारंभी पडीक जमीन समजली जाई. कारण त्या प्रहरी वडीलधारी मंडळी पडद्यासमोर फिरकत नसत, आणि जी बालके बसत त्यांच्या खिशात दमडी नसे. परंतु मूल स्वतः खरेदी करीत नसले तरी आईबापांकडून ती करवून घेते, हे मर्म खेळण्यांच्या व न्याहारीच्या साखरपेरल्या धान्याच्या कारखानदारांना उमगताच त्या जमिनीस भाव चढला. ‘सीबीएस’ने १९५५ च्या डिसेंबरात चित्रपटगृहांतून दाखवून झालेली ‘मायटी माउस’ची चित्रे तेथे आणली, आणि १९६६ साली त्याच कंपनीच्या फ्रेड सिल्व्हरमन या तरुण अधिकाऱ्याने अचाट शक्तीच्या वीरांची कार्टुने ओळीने लावून जवळजवळ सबंध सकाळ त्यांच्या हवाली केली.

एवढा माल पुरवावा कोणी? ‘टॉम अँड जेरी’साठी सात ऑस्कर मिळवूनही १९५७ साली ‘एमजीएम’चा कार्टून विभाग बंद झाल्याने बेकार झालेल्या विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी जी काटकसरीची चित्रपद्धती अंगीकारली, तिनेच हा प्रश्न सोडविला. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर व टाय हे त्या काटकसरीचे प्रसिद्ध उदाहरण होय: मानेचा सांधा कॉलरीआड झाकला गेल्यामुळे धड तसेच ठेवून केवळ मस्तक पुनःपुन्हा रेखाटले की काम भागे. कलेच्या दृष्टीने ही अधोगतीच. मात्र त्या दारिद्र्यातूनही आवाजाच्या नटांनी पात्रांत प्राण ओतले, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पुढे पेगी चॅरेन यांच्या पुढाकाराने १९६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये संघटित झालेल्या मातांनी मुलांच्या कार्यक्रमांविरुद्ध तक्रारी मांडल्या. हाणामारीविषयीची ओरड वाढली, तसे वीर मागे सरले, आणि १३ सप्टेंबर १९६९ रोजी भुतांना भिणारा ‘स्कूबी-डू’ हा कुत्रा अवतरला. हाणामारी वगळून भय शाबूत ठेवण्याची ही युक्ती मला त्या साऱ्या कारभारातील सर्वांत चतुर वाटते.

१९९० च्या कायद्याने जाहिरातींवर मर्यादा घातली, १९९६ च्या नियमाने आठवड्यास तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचा दंडक लावला, आणि शनिवारच्या कार्टुनांच्या ऱ्हासाचे खापर सरकारवर फुटले. वस्तुतः अष्टौप्रहर कार्टुने दाखविणारी केबल वाहिनी १९९२ सालीच निघाली होती, आणि ‘एनबीसी’नेही त्याच वर्षी कार्टुनांना रजा दिली होती. गिऱ्हाईक अन्यत्र गेले, तेथेच जाहिरातदारही गेले. कार्टुनांचा अखेरचा ‘व्होर्टेक्स’ हा कार्यक्रमसमूह ‘सीडब्ल्यू’ वाहिनीवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी संपला, पुढच्या शनिवारपासून त्या वेळात चित्रांऐवजी हाडामांसाच्या माणसांचे शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले.