कॅमेरा घ्यायचा, पण कोणत्या कामासाठी?

आज आपण कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. आमच्या धाड भागातल्या गटांच्या बैठकीत हा विषय सध्या दोन बाजूंनी येतो. एक बाजू अशी की गटाच्या पापड-लोणच्यांचे फोटो चांगले यायला हवेत, म्हणून गटानं कॅमेरा घ्यावा का? दुसरी बाजू जास्त जोखमीची. एखाद्या ताईची मुलगी म्हणते, मला लग्नाचे फोटो काढायचा धंदा करायचाय, त्यासाठी गटातून कर्ज द्या. गटाचा पैसा म्हणजे दहा-बारा जणींनी मजुरीतून मागं टाकलेला पैसा. तो दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाऊ नये, आणि माहिती नाही म्हणून मुलीची संधीही जाऊ नये.

पहिल्यांदा मेगापिक्सेलचं भूत उतरवू. दुकानात गेलं की हाच आकडा आधी सांगतात. आठ बाय बारा इंचाचा फोटो छान छापायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात. कॅननचे तीन कॅमेरे बघा: ईओएस १५००डी, ईओएस आर५० आणि ईओएस आर६ मार्क टू. तिन्ही २४ मेगापिक्सेलचे, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे पैसा मेगापिक्सेलचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

ते दुसरं म्हणजे सेन्सर. जुन्या कॅमेऱ्यात रोल असायचा, त्या जागी आता सेन्सर असतो. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस सारखाच, पण परातीत पाणी जास्त साठतं. सेन्सरचं तसंच; मोठ्यावर उजेड जास्त पडतो. मोबाईलचा सेन्सर म्हणजे वाटी. १५००डी आणि आर५० यांचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा, तो झाला ताट. आर६ मार्क टूचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ती परात. त्याला फुल फ्रेम म्हणतात. दिवसाउजेडी फरक फारसा जाणवत नाही. रात्रीच्या वरातीत आणि मंडपाच्या मंद उजेडात लगेच जाणवतो.

दुसरा शब्द झूम. भिंग पुढंमागं सरकून दूरचं जवळ आणतं तो खरा झूम. त्याला ऑप्टिकल म्हणतात. डिजिटल झूम म्हणजे तोच फोटो ताणून मोठा करणं. पापड कितीही मोठा लाटला तरी पीठ तेवढंच राहतं, फक्त पातळ होतं. फोटोचंही तसंच होतं.

आता कोणाला काय लागतं ते पाहू.

गटाच्या कामासाठी, म्हणजे बैठकीचा फोटो, हजेरी, प्रशिक्षण, मालाची जाहिरात, यासाठी हातातला मोबाईलच बरा. वेगळा कॅमेरा घेऊ नका. फोटो लगेच पाठवता येतो, तारीख आणि ठिकाणही त्यात नोंदवता येतं. काही कामं तर मोबाईलशिवाय होतच नाहीत. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात सुरू झाली. त्यात शेतात उभं राहून ॲपमधूनच पिकाचा फोटो काढावा लागतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. तिथं लाखाचा कॅमेरा असून उपयोग नाही. मालाच्या फोटोसाठी खर्च नको, सवय हवी. भिंग ओढणीच्या स्वच्छ टोकानं पुसा. खिडकीजवळ किंवा ओसरीवर, थेट ऊन पडणार नाही अशा जागी पांढरं कापड अंथरा. मिरचीचं लोणचं ताटलीत काढून बरणीशेजारी ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, झूम न करता जवळ जा. लेबलवरचं वजन आणि तारीख वाचता आली पाहिजे, कारण गिऱ्हाईक तेच बघतं.

पक्षी, प्राणी किंवा दूरच्या गोष्टी टिपायच्या असतील तर वेगळा कॅमेरा लागतो. आपल्या जिल्ह्यात लोणार सरोवर आहे, २०२० मध्ये ते रामसर पाणथळ जागांच्या यादीत आलं. ज्ञानगंगा अभयारण्यही आहे. अशा ठिकाणी हौशी माणसांच्या हातात निकॉन पी९५० सारखा मोठ्या झूमचा कॅमेरा दिसतो. त्याचा ऑप्टिकल झूम ८३ पट, भिंग बदलायची कटकट नाही. पण त्याचा सेन्सर आर५०च्या दहाव्या भागाहूनही लहान आहे. भर उन्हात झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी तो सुंदर टिपेल, रात्रीच्या हळदीत मात्र फोटो दाणेदार येतील. झूम बघून लग्नासाठी हा कॅमेरा घेऊ नका.

लग्न, बारसं, डोहाळजेवण, शाळेचं संमेलन यासाठी भिंग बदलता येणारा कॅमेरा हवा. त्यात दोन जाती. डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो. १५००डी हा २०१८ सालचा डीएसएलआर. साधा आणि दणकट, एका चार्जमध्ये सुमारे ५०० फोटो. पण त्याचा पडदा वळत नाही, बाहेरचा माइक जोडायची सोय नाही, आणि फोकस धरायला नऊच बिंदू आहेत. आर५० हा २०२३ सालचा मिररलेस. तो माणसाचा डोळा ओळखून तिथं फोकस धरतो, पडदा वळतो, माइक जोडता येतो, व्हिडिओ जास्त स्पष्ट येतो. वजन ३७५ ग्रॅम, १५००डीपेक्षा १०० ग्रॅमनं कमी. त्याची बॅटरी मात्र लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी घ्यावीच लागते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणून आमचं मत असं: शिकण्यासाठी स्वस्तात जुना डीएसएलआर मिळाला तर घ्यावा, धंद्यासाठी नवं घ्यायचं असेल तर मिररलेसच घ्यावा.

आर६ मार्क टू सारखा फुल फ्रेम पहिल्या दिवशी नको. त्याचा एक गुण मात्र समजून घ्या. त्यात दोन मेमरी कार्ड बसतात, फोटो एकाच वेळी दोन्हीकडे जातो. मंगलाष्टका पुन्हा होत नाहीत. कार्ड बिघडलं तर नाव जातं आणि पुढची ऑर्डरही जाते. एकाच कार्डाचा कॅमेरा असेल तर कार्यक्रमाच्या मध्ये कार्ड बदला आणि घरी पोचताच फोटो दोन ठिकाणी उतरवा.

खर्च नुसत्या कॅमेऱ्याचा धरू नका. सोबत येणारं १८-५५ किंवा १८-४५ मिलिमीटरचं भिंग दिवसा चालतं. रात्रीसाठी ५० मिलिमीटर एफ १.८ चं भिंग आणि फ्लॅश लागतो. वर जादा बॅटरी, दोन कार्डं, पिशवी, आणि अल्बम जुळवायला संगणक.

आता हिशेब करू. समजा सगळा संच ७२ हजारांचा. गटाचं व्याज महिना शेकडा दोन, फेड २४ महिन्यांत. मुद्दल महिन्याला ३,०००, पहिल्या महिन्याचं व्याज १,४४०, म्हणजे पहिला हप्ता ४,४४० रुपये. दोन वर्षांत व्याज होतं १८ हजार. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. आषाढीपासून चातुर्मासात ती बंद, पण हप्ता बंद नसतो. म्हणून कर्ज देताना विचारा: त्या चार महिन्यांत वाढदिवस, बारशी, गणपती, शाळा यातून किती येतील? लग्नसराईतला किती पैसा बाजूला ठेवशील? उत्तर कागदावर लिहून घ्या. आणखी एक वाट आहे. पहिला हंगाम मुलीनं एखाद्या स्टुडिओबरोबर मदतनीस म्हणून काढावा किंवा कॅमेरा भाड्यानं घ्यावा. हात बसतो का, रात्री उशिरा घरी यायची सोय काय, हे तेव्हाच कळतं.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलं तो आकडा मागा. ती गाडीच्या किलोमीटरसारखी खूण आहे. भिंग उजेडाकडे धरून बघा. आत जाळीसारखं दिसलं तर ती बुरशी, असं भिंग घेऊ नका. नवा असो की जुना, बिल पक्कं घ्या आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का बघा.

काही ठिकाणी अजून विचारतात, बाईच्या जातीला कॅमेरा कशाला? होमाई व्यारावाला यांचं नाव त्यांना सांगा. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. आजच्यापेक्षा कितीतरी जड कॅमेरा साडीवर वागवत त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले फोटो काढले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कॅमेऱ्याचा अर्ज आला तर पाच गोष्टी विचारा. काम कोणतं? ते मोबाईलवर होतं का? उजेड दिवसाचा की रात्रीचा? सगळा संच धरून खर्च किती? चातुर्मासात हप्ता कुठून? पाचही उत्तरं नीट मिळाली तर कर्ज द्यायला कचरू नका. आपल्या गावच्या लग्नाचे फोटो आपल्याच गावच्या पोरीनं काढले, तर तो पैसाही गावातच राहील.